कोपऱ्याला कोपरा

काटेवाल्या काकू कुणाच्याही घरी गेल्या की पाणी प्यायच्या आधी तिथलं पांघरूण उचलायच्या. चादर असो, शाल असो, नाहीतर पाळण्यातल्या बाळाचं दुपटं असो. मधली घडी हनुवटीखाली दाबायची, हात लांब करायचे आणि कोपऱ्याला कोपरा लावून बघायचं. जुळला तर गप्प. नाही जुळला तरी गप्प. घडी घालून वस्तू होती तिथं ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आता आण पानी." घरची बाई मात्र दिवसभर विचार करत बसायची, की काकूंच्या हातात कोपरे जुळले होते की नव्हते.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. माझं काकूंशी भांडण आहे. त्या होत्या तेव्हा होतं आणि आजही आहे. त्यांच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही आणि त्यांच्याइतका ताप मला कुणी दिला नाही. आज बारामतीत माझं लोकरीचं दुकान आहे, चार गावांतल्या बायका माझ्यासाठी विणतात, आणि तरीही एखादं ब्लँकेट उलगडून बघताना माझ्या कपाळाची शीर उडते ती त्यांच्यामुळेच.

काकूंचे यजमान भवानीनगरच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी भरलेली आली की तोलायची, रिकामी परत निघाली की पुन्हा तोलायची, हे त्यांचं काम. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नाना फार कमी बोलायचे. कॉलनीत म्हणायचे की नवरा गाड्या तोलतो आणि बायको टाके तोलते, म्हणून त्या काटेवाल्या काकू. त्यांचं खरं नाव मला किती वर्षं ठाऊकच नव्हतं. ते मी वाचलं तेव्हा त्याच्यावर हार होता.

आम्ही सणसरचे मणेर. अब्बा बांगड्यांची ओझी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचे. त्यांची छाती भरायला लागली तेव्हा टोपली माझ्याकडे आली. कारखान्याची कॉलनी म्हणजे सोन्यासारखं गिऱ्हाईक, पगारदारांच्या बायका, हातात पैसा आणि दुपार रिकामी. मी दुप्पट सांगायची, त्या निम्म्यात मागायच्या, मी टोपली उचलून चार पावलं चालायची, त्या हाक मारायच्या, आणि मधे कुठंतरी दोघी खूश व्हायचो. ज्या दिवशी असा भाव होत नसे त्या दिवशी मला धंदा केल्यासारखं वाटत नसे.

काकूंनी पहिल्याच दिवशी माझी पंचाईत केली. हिरव्या बांगड्या मनगटाशी धरून म्हणाल्या, "हे बघ पोरी, मला भाव करता येत न्हाय. तूच बरुबर काय ते सांग." आता काय करायचं? दुप्पट सांगावं तर बाई दुप्पट देऊन मोकळी होणार आणि मग मला रात्रभर टोचणार. खरं सांगावं तर माझी बोलायची हौस राहिली. मी खरं सांगितलं आणि घरी येईपर्यंत चिडचिड केली. भाव न करणारं गिऱ्हाईक मला अपमान केल्यासारखं वाटतं. पुढं कधीही त्यांच्याशी माझा भाव झाला नाही. त्या तेच एक वाक्य म्हणायच्या आणि मी खरं सांगून मोकळी व्हायची, दात ओठ खात.

त्यांच्या ओट्यावर दुपारी बायका जमायच्या, प्रत्येकीच्या मांडीवर लोकर आणि हातात क्रोशाची सुई. कारखान्यात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला बाळ झालं, की ओट्यावरून एक ब्लँकेट जायचं. बांगड्या भरता भरता मी बघत बसायची. मला त्यात कला-बिला काही दिसली नाही. मला दिसलं की ही वस्तू फुटत नाही, वजनाला हलकी आहे आणि बांगडीपेक्षा जास्त फायदा देते. मी काकूंना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "बोटं चांगली हायत. स्वभावाचं बघू."

क्रोशात उभा टाका असतो त्याला खांब म्हणतात. ओळ संपली की विणकाम उलटं फिरवायचं आणि तीन साखळ्या घालून नवी ओळ सुरू करायची. त्या तीन साखळ्या म्हणजेच त्या ओळीचा पहिला खांब. पुढच्या खेपेला परत त्या टोकाला आलं की शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या डोक्यावर घालावा लागतो. नवशिक्या बाईला तिथं खांब घालायची जागा दिसतच नाही. ती एक खांब अलीकडेच वळते. एका ओळीत कळत नाही, पण प्रत्येक ओळीला एक एक खांब गळत जातो आणि चौकोनी निघालेलं ब्लँकेट वरपर्यंत पोचता पोचता पतंग होतं. कॉलनीतल्या अर्ध्या घरांत असे पतंग होते. काकू कड हातात धरून विचारायच्या, "शेवटचा खांब कुठं गेला ग? कारखान्यात गाळपाला गेला काय?" बायका हसायच्या आणि काकू त्याच हाताने धागा ओढायच्या. सरसर सगळं उसवायचं. विचारणं नाही, सांगणं नाही. दुसऱ्याची चार दिवसांची मेहनत त्या बोलता बोलता गुंडाळून गुंडा करून हातात द्यायच्या.

माझाही खांब गळायचा, पण मी तो जाणूनबुजून गाळायची. म्हटलं, एक खांब वाचला तर तेवढी लोकर वाचली, कुणाला कळतंय. काकूंना कळलं. त्यांनी कडेला लाल दोऱ्याच्या गाठी मारायला लावल्या, दर ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या खांबात एकेक. म्हणाल्या, "वाचवायचं ते बाजारात वाचव. मधलं कुनी बी विनतंय. कड धरायला मानूस लागतं." मला त्या लाल गाठींचा इतका राग यायचा, की त्या मारताना दोरा तुटायचा.

आणि हाच माझा खरा रोग होता. माझा हात घट्ट. मी रागात असले की धागा बोटाभोवती असा आवळला जायचा की सुई आत शिरायची नाही. खांब बरोबर असायचे, एकही गळालेला नसायचा, आणि तरी ब्लँकेट मधेच आत जायचं, बाईने पदर खोचावा तसं. पुन्हा राग गेला की पुढच्या ओळी सैल व्हायच्या आणि कड बाहेर यायची. मी म्हटलं, हे माझ्या हातात नाही. काकू म्हणाल्या, हातातच हाय.

मग त्यांनी उपाय काढला आणि माझी अब्रू घालवली. त्यांच्याकडे सुयांचा स्टीलचा डबा होता. त्यात बारीक, मध्यम, जाड अशा सुया, आणि एक सगळ्यांत जाड लाकडी सुई. तुटलेल्या लाटण्याची ती नानांनी तासून केली होती. घट्ट हाताला जाड सुई दिली की टाका आपोआप मोठा पडतो आणि सैल हाताच्या टाक्याशी जुळतो, एवढंच त्यातलं गणित. पण काकू ते गणित चारचौघींत करायच्या. मी कॉलनीच्या फाटकातून टोपली घेऊन येताना त्या माझी चाल बघायच्या आणि मी ओटा चढायच्या आत विचारायच्या, "आज कुनाशी?" मी काही बोलायच्या आत डबा उघडलेला असायचा. बायका म्हणायच्या, नुरी आली, लाटणं काढा. अब्बांच्या औषधावरून दुकानदाराशी भांडून आले होते, कंडक्टरने टोपलीचं वेगळं तिकीट मागितलं होतं, कुणी उधारी बुडवली होती. माझी कारणं खरी असायची. त्यांना कारण नको असायचं, त्यांना फक्त सुईची जाडी ठरवायची असायची. एकदा मी ओरडले, "काकू, मला रागवू नको म्हना, शांत हो म्हना, पन ही सुई देऊ नका." त्या म्हणाल्या, "तुला शांत हो म्हनून तू हुनार हाईस व्हय? मग? सुई बदललेली बरी."

त्यांची बायकांना द्यायची दोन प्रमाणपत्रं होती. एक "छान झालंय." हे कुणालाही मिळायचं. आणि दुसरं "सरळ हाय." हे त्यांच्या तोंडून मी फार थोड्या वेळा ऐकलं. बॉयलरवर काम करणाऱ्या एकाची बायको होती, तिला साधं फूल विणता येत नसे. ती नुसत्या खांबांचं, एकाच करड्या रंगाचं, पोत्यासारखं ब्लँकेट घेऊन आली. काकूंनी हनुवटीखाली घडी दाबली, कोपऱ्याला कोपरा लावला आणि म्हणाल्या, "सरळ हाय." ती बाई पदर तोंडाला लावून हसली. माझ्या हातात त्या दिवशी सात रंगांचं काम होतं, पाकळ्यांवर पाकळ्या. त्याला मिळालं, "छान झालंय."

तेव्हापासून मला त्यांच्याकडून तो एक शब्द हवा होता. मी जगात कुणाकडूनही काहीही काढून घेतलं आहे. सुतारांकडून, घरमालकांकडून, घाऊक व्यापाऱ्यांकडून, ज्यांनी पहिल्यांदा मला उभंसुद्धा केलं नाही त्यांच्याकडून. या बाईकडून एक शब्द मला निघेना.

आता रुखवताचं सांगते, कारण माझा मोठा दावा तोच आहे. बारामतीतल्या एका डॉक्टरांच्या घरी मुलीचं लग्न होतं. रुखवतात मांडायला मुलीनं विणलेलं म्हणून मोठं ब्लँकेट हवं होतं. मुलीला सुई धरता येत नव्हती. ते काम मी मिळवलं. भाव असा जमला होता की पुढच्या बारा लग्नांचं दार उघडलं असतं. मी रात्रीचा दिवस केला. पांढऱ्यावर डाळिंबी फुलं, बघणाऱ्याने बघत राहावं असं. द्यायला निघाले तेव्हा वाटेत भवानीनगर लागलं आणि मला दुर्बुद्धी झाली. म्हटलं, काकूंना दाखवून जावं. आज तरी म्हणतील.

त्यांनी चहा टाकला. ब्लँकेट उचललं, घडी हनुवटीखाली घेतली, कोपरे जुळवले. एक कोपरा दुसऱ्याच्या खाली चार बोटं लोंबत राहिला. त्या मला म्हणाल्या, "गूळ जास्त पडला काय ग चहात?" मी बशीत चहा ओतत होते. वर बघितलं तर त्यांच्या मांडीवर डाळिंबी धाग्याचा ढीग होता आणि दोन ओळी गेलेल्या होत्या.

मी जी ओरडले ती काट्यावर नानांना ऐकू गेली असणार. आख्खी कॉलनी दारात आली. मी म्हटलं, रुखवतात मांडायचं आहे, टेबलावर पसरून, फुलं बघणार लोक, घडी कोण घालून बघणार? काकू धागा गुंडाळत होत्या. थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "मांडलेलं मांडलेलंच ऱ्हातं व्हय? लगीन झालं की घडी घालून सासरी जानार. तितं सासू घडी घालंल. पोरीच्या नावावर मांडनार तुमी, अन् बोलनी पोर खानार जन्मभर."

"ती पोर माझी कोण लागती?" मी म्हटलं.

"माझी बी कोन न्हाय," काकू म्हणाल्या आणि आणखी एक ओळ उसवली.

लग्नात दुसरंच ब्लँकेट मांडलं गेलं, पुण्याहून आणलेलं. डॉक्टरांच्या घरून गावभर झालं की मणेराची पोर ऐन वेळेला तोंडघशी पाडते. ती बारा लग्नं मला मिळाली नाहीत. काकूंचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हा माझा प्रश्नच नाही. लोक मला अजून सांगतात, अगं, त्यांचं खरं होतं. असेल. गिऱ्हाईक माझं होतं, मेहनत माझी होती, आणि धागा ओढायचा की नाही हे विचारायला मी समोर बसलेली होते. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाही.

त्यानंतर मी कॉलनीची पायरी चढले नाही. बांगड्या सोडल्या. लोकर घेऊन बाजार करायला लागले, सणसरला, इंदापूरला, वालचंदनगरच्या बाजूला. लोकांनी आधी उन्हात लोकर विकणारी वेडी म्हणून बघितलं. मी बायकांना तिथंच बसवून साखळी घालायला शिकवायची आणि लोकर त्यांच्या गळ्यात मारायची. मग बारामतीत एका जिन्याखाली खोपट घेतलं, मग दुकान. घरमालकाशी तीन वेळा भांडले. कुणाच्या वशिल्याने काही झालं नाही. आज माझ्याकडे विणणाऱ्या बायका कड वाकडी आणतात तेव्हा मी त्यांच्यासमोर उसवते, हे खरं आहे. पण मी आधी सांगते, मग उसवते. फरक आहे.

नाना निवृत्त झाले आणि दोघं वडगाव निंबाळकरला मुलाकडे गेले. तिथं त्यांचं घर, थोडा ऊस आणि गाई. सून रेखा गाई बघायची. नाना गेल्याचं मला फार उशिरा कळलं. न जाऊन चालणार नव्हतं म्हणून गेले. काकू गोठ्याच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. नजर पार गेलेली, डोळ्यांत दूध सांडल्यासारखं. मी काही बोलायच्या आत त्यांनी चालीच्या आवाजावरून मला ओळखलं, माझ्या खांद्यावरची शाल ओढून घेतली, चाचपली, घडी घातली आणि म्हणाल्या, "इकत घेतलेली हाय. नुरे, सोताची इनत न्हाईस व्हय आता?"

तिथून पुन्हा सुरू झालं. मी जायची, काही ना काही विणलेलं घेऊन. डोळे नव्हते तरी त्यांचा काटा तोच. बोटं कडेवरून चालवायच्या, मुंगी चालावी तशी. म्हणायच्या, छान झालंय. मी परत यायची ती वाटेत स्कूटीवर एकटीच बोलत. निरेच्या कालव्यापाशी मला एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, ताई, बरं हाय ना?

मागच्या हिवाळ्याआधी मी ठरवलं की आता शेवटचं. काकू खाटेला लागल्या होत्या. मी त्यांच्यासाठीच ब्लँकेट घातलं. फुलं नाहीत, रंग नाहीत, नुसते खांब, करडी लोकर. बॉयलरवाल्याच्या बायकोने केलं होतं तसं. म्हटलं, जी वस्तू तुम्ही सरळ म्हणालात तीच आणते, आता पळवाट कुठं शोधता बघू. लाल गाठी मारल्या, मोजत गेले, दर वीतभराने गादीवर पसरून बघितलं. आयुष्यात इतकं जपून मी काही केलं नव्हतं.

मधे एकदाच अडलं. अर्ध्याच्या थोडी पुढं होते. मोठा मुलगा इरफान दुकानात आला आणि म्हणाला, अम्मी, लोकरीचा अर्धा भाग काढून मोबाईलच्या वस्तू ठेवू या. मशीनचं ब्लँकेट स्वस्तात मिळतंय, हे हाताचं कोण घेतंय? एवढंच म्हणाला, आवाज चढवूनसुद्धा नाही. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. तो गेला. माझ्या हातात सुई होतीच, मी विणत राहिले. ओळ पूर्ण केली. नंतरच्याही.

ब्लँकेट पूर्ण झालं तेव्हा मी गादीवर पसरून बघितलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. कोपऱ्याला कोपरा बरोबर बसत होता. मी ते घेऊन वडगावला गेले आणि काकूंच्या मांडीवर टाकलं. म्हटलं, बघा.

त्यांनी खालच्या कडेपासून सुरुवात केली. बोटं सावकाश वर सरकत होती. मी त्यांच्या बोटांबरोबर मनात ओळी मोजत होते, एवढी मोठी बाई मी. अर्ध्याच्या थोडं पुढं बोटं थांबली. मागं गेली. परत तिथंच आली. मग काकूंनी ते हाताच्या तळव्याखाली घेतलं आणि म्हणाल्या, "हितं कुनाशी भांडलीस?"

"कुनाशी न्हाय."

"मग हात आजारी व्हता म्हन."

मी म्हटलं, "काकू, कोपरे जुळत्यात. घडी घालून बघा."

"कोपरे जुळत्यात," त्या म्हणाल्या. "मधे आवळलंय, अन् मग तू वडून वडून सैल केलंयस, कोपरे जुळावं म्हनून. भांडन झाकलंस. कुनाशी?"

मी सांगितलं नाही. का सांगू? माझ्या घरातली गोष्ट, आणि ही बाई बोटांनी ती बाहेर काढणार. मी उठले आणि म्हटलं, हे तुमच्यासाठीच आहे, पांघरा, नाही आवडलं तर गाईवर टाका. रेखा चहा घेऊन येत होती, तिला ओलांडून मी निघाले. काकू मागून काहीतरी म्हणाल्या. मी थांबले नाही.

थंडी संपता संपता काकू गेल्या. निरोप आला तेव्हा मी माल आणायला बाहेरगावी होते, म्हणून मला सगळं उरकल्यावर जावं लागलं. भिंतीवर फोटो, हार, आणि खाली ते नाव, सत्यभामा. इतकी वर्षं जिच्याशी भांडले तिचं नाव भिंतीवर वाचायचं.

रेखाने आतून एक कापडी पिशवी आणली आणि ती देताना तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, "नुरीताई, रागावू नका. तुमचं ब्लँकेट सासूबाईंनी खराब केलं. आमी लई सांगितलं. ऐकलं न्हाय." तुमची लोकर तरी भरून देते म्हणायला लागली.

मी पिशवी उघडली. ब्लँकेट अर्ध्याच्या थोडं पुढं संपत होतं, बरोबर त्याच ओळीच्या खाली. वरचं सगळं उसवलेलं. त्या डोळे नसलेल्या बाईने आधी चारी बाजूंची किनार काढली होती. मी लपवलेलं धाग्याचं टोक शोधायलाच तिच्या किती दुपारी गेल्या म्हणे. उसवलेली लोकर कुरळी राहते, ती तशीच विणली की टाका नीट बसत नाही. म्हणून ती रेखाकडून पाण्यात भिजवून घेतली होती, खुर्चीच्या पाठीला ताणून वाळवली होती, आणि स्वतःच्या हाताने त्याचे गुंडे केले होते. उघडा टाका सुटू नये म्हणून त्यात सेफ्टी पिन होती. आणि पिनेच्या शेजारी, लोकरीत खोचलेली, लाटण्याची लाकडी सुई.

मी रेखावर ओरडले. म्हटलं, खराब कोण म्हणतं? तुला कळतं का त्यातलं काही? ती बिचारी मागं सरली. मग मी विचारलं, काही बोलल्या का त्या हे करताना.

रेखाने आठवून सांगितलं. मुलगा काकूंना म्हणाला होता की आई, कशाला त्रास करून घेतेस, आणि उसवतेच आहेस तर पुढचं तूच पूर्ण कर. त्यावर म्हणाल्या, नुरीचं हाय, नुरीच घालंल. आणि उसवणं संपलं त्या दिवशी उरलेल्या भागाची घडी हनुवटीखाली धरायचा प्रयत्न केला, पण मान उचलेना. मग रेखाला एका बाजूचे कोपरे धरायला लावले. दुसऱ्या बाजूचे आपण धरले. बोटांनी दोनदा चाचपले.

"मग?"

"मग म्हनल्या, हितंवर सरळ हाय."

मी परत विचारलं. रेखाने परत तेच सांगितलं.

मला त्या क्षणी रडू आलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मला संताप आला. माझं सगळं आयुष्य लोकांशी भाव करण्यात गेलं. ही बाई मला पहिल्या दिवशी म्हणाली होती, भाव करता येत न्हाय. आणि शेवटी मी अख्ख्या ब्लँकेटचं मागितलं, तिने अर्ध्याचं दिलं. निम्म्यात तोडलं. तेही स्वतःच्या तोंडाने माझ्यासमोर नाही, सुनेच्या तोंडून, मी चार पावलं चालून गेल्यावर. हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

पिशवी महिनाभर दुकानात तशीच पडली होती. राग गेला की विणू, असं मी म्हणत होते. मग लक्षात आलं की तशी वाट बघितली तर ती पिशवी माझ्याही मागे राहील आणि इरफान ती कुणाला तरी देऊन टाकेल. म्हणून आता दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा काढते. इरफानने एका कोपऱ्यात मोबाईलची कव्हरं लावलीच आहेत, ती बघितली की डोकं फिरतं. त्याच डोक्याने विणते, जाड सुईनं. टाका बरोबर पडतो. शेवटचा खांब साखळ्यांच्या डोक्यावर घालते, लाल गाठ मारते, वळते.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत अख्खं होईल. कोपऱ्याला कोपरा बसेल आणि मधेही कुठं आवळलेलं नसेल, एवढं मला आता कळतं. वडगावच्या रस्त्याने न्यायची माझी तयारी आहे. पण अर्ध्याचाच शब्द दिलात काकू, उरलेल्या अर्ध्यासाठी मी कुणाशी भांडू?